छत्तीस हजार किलोमीटर आणि चाळीस फूट

मानवाने अंतरावर विजय मिळविला, हे वाक्य आपण निबंधांतून इतक्या वेळा वाचलेले आणि लिहिलेले असते, की ते तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. आम्हीही वर्गात ते अनेकदा उच्चारतो आणि त्याविरुद्ध आमची फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की नेमक्या कोणत्या अंतरावर विजय मिळविला, हे त्यात सांगितलेले नसते. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशी ताल राखून फिरणारे आणि म्हणूनच एका जागी स्थिर भासणारे उपग्रह आहेत. अशा उपग्रहाकडून निघालेली लहर आपल्या गच्चीवर येण्यास एका सेकंदाचा आठवा हिस्सा पुरतो. गच्चीवरून आमच्या दिवाणखान्यात, म्हणजे सुमारे चाळीस फूट खाली उतरण्यास मात्र तिला ७३ दिवस लागले. नवरात्रातील घटस्थापनेच्या दिवशी आम्ही पैसे भरले आणि दत्तजयंतीच्या दिवशी पडद्यावर चित्र उमटले. या ७३ दिवसांची बखर लिहावी, असा आग्रह आमच्या वार्षिक अंकाच्या विद्यार्थी-संपादकांनी धरला, म्हणून हा प्रपंच.

प्रथम, आम्ही या उपद्व्यापात का पडलो ते सांगितले पाहिजे. कारण दूरचित्रवाणीवाचून आमचे स्वतःचे काही अडले नव्हते. आमचे गाव गोव्यातील पेडणे. घरी बोली कोकणी, शाळेत आणि देवळात मराठी, अशी आमच्या तालुक्याची जुनी रीत आहे. आमच्या आईचे शिक्षणही मराठी शाळेतच झाले. वडील निवर्तल्यावर आम्ही तिला सुरतेस घेऊन आलो. घरची मंडळी नोकरी करतात, मुले शाळेत जातात, आम्ही तर शाळेतच असतो. त्यामुळे सकाळी साडेदहापासून सायंकाळी पाचपर्यंत आई घरात एकटी. शेजार अत्यंत सज्जन आहे. वाटीभर उंधियू किंवा ताटलीभर खमण दारी आल्यावाचून आठवडा जात नाही. परंतु ‘केम छो’ आणि ‘मजामां’ एवढे झाले, की दोन्हीकडचा शब्दसाठा संपे आणि दोन वृद्ध स्त्रिया एकमेकींकडे पाहून नुसत्या हसत.

एके दिवशी आम्ही घरी परतलो तेव्हा आई गॅलरीत बसून होती. दिवस कसा गेला, असे विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, “हांगा उतरांचो दुकळ पडला.” येथे शब्दांचा दुष्काळ पडला आहे, असा त्याचा अर्थ. वाङ्मयाचे अध्यापन करणाऱ्या मनुष्याच्या घरात त्याच्या आईने हे उद्गार काढावेत, याचे आम्हांस फार वाईट वाटले. गल्लीतून येणाऱ्या केबलवर मराठी वाहिनी कधी दिसे, कधी दिसत नसे. आईला हवी होती ती दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी. तिच्यावरील अभंग, नाट्यगीते, शेतीविषयक गप्पा, साध्या बातम्या आणि विशेषतः आषाढी एकादशीची पंढरपूरची महापूजा, एवढीच तिची मागणी होती. यावर उपाय एकच होता. गच्चीवर थाळी बसवावयाची आणि आकाशाशी थेट संधान बांधावयाचे.

थाळी हा शब्द आमच्या आईचा. कोणी तिला छत्री म्हणतात, कोणी नुसतेच डिश. या थाळीचा आपल्या देशातील इतिहास मोठा उद्बोधक आहे आणि त्याचा उगम आपण राहतो त्या गुजरातेतच आहे. पृथ्वीवरून स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांच्या द्वारे साऱ्या जगाशी संपर्क साधता येईल, हे आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ साली एका नियतकालिकात मांडले. त्या वेळी एकही कृत्रिम उपग्रह आकाशात नव्हता. आपल्याकडे अहमदाबादच्या डॉ. विक्रम साराभाईंनी या कल्पनेतील शक्ती ओळखली. ज्या देशात खेड्यांपर्यंत रस्ते नाहीत, विजेच्या तारा नाहीत, तेथे शहराकडून खेड्याकडे हळूहळू सरकण्याऐवजी एकदम आकाशातूनच खेड्यात उतरावे, असा त्यांचा विचार होता. १९७१ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. परंतु १९६९ साली अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेशी झालेला करार पुढे फळास आला आणि १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत ‘साईट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-शिक्षणाचा प्रयोग आपल्या देशात झाला. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने त्याची धुरा वाहिली. मूळ कोल्हापूरचे आणि पुढे त्या केंद्राचे संचालक झालेले एकनाथ वसंत चिटणीस हे या प्रयोगाच्या प्रमुख सूत्रधारांपैकी एक होते, हे मराठी वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकेचा एक उपग्रह आफ्रिकेच्या माथ्यावर आणून ठेवला गेला आणि राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत त्याच्याकडून थेट चित्रे उतरू लागली. त्या खेड्यांतील थाळ्या सुमारे दहा फूट व्यासाच्या होत्या आणि त्या कशाच्या होत्या म्हणाल, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या! लहरीची लांबी जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ मोठी असली, की लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच भासते. तेव्हा पत्र्याचा खर्च कशाला करावयाचा? दारिद्र्यातून सुचलेले असे शहाणपण आम्हांस फार आवडते. गुजरातेत त्याच वर्षी खेडा जिल्ह्यातील पीज या गावी एक लहानसा प्रक्षेपक उभारण्यात आला आणि भोवतालच्या गावांसाठी त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच प्रश्नांवर कार्यक्रम होऊ लागले.

या प्रयोगाच्या निमित्ताने भारताच्या अभियंत्यांनी कोलंबो येथे क्लार्क यांच्या घरी एक मोठी थाळी बसवून दिली. ज्याने कल्पना मांडली, त्याच्याच घरी तीस वर्षांनी ती कल्पना उतरली! हा प्रसंग वाचताना आमच्या मनात एक अत्यंत क्षुद्र विचार आला, तो वाचकांपासून लपवीत नाही. क्लार्क यांना कोणाच्या गच्चीची किल्ली मागावी लागली असेल काय?

कारण आमच्या ७३ दिवसांतील पहिले प्रकरण किल्लीचेच आहे. आमची इमारत पाच मजल्यांची, आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. गच्चीला येथे अगाशी म्हणतात. अगाशीला कुलूप असते आणि कुलपाची किल्ली सोसायटीच्या चिटणिसांकडे असते. त्यांना गुजरातीत ‘मंत्री’ म्हणतात आणि त्यांच्या कारभाराला हे नाव शोभते. पैसे भरल्यावर ४८ तासांत माणूस येईल, असे आम्हांस सांगण्यात आले होते. तो आला आठव्या दिवशी, आणि आमचे दुर्दैव असे, की त्या दिवशी मंत्रिमहोदय एका लग्नाला बारडोलीस गेले होते. दुसरा माणूस आला तेव्हा किल्ली होती, परंतु त्याच्याजवळ केबल होती ती अवघी वीस फूट. तिसऱ्याजवळ केबल पुरेशी होती, पण भिंतीला छिद्रे पाडण्याचे यंत्र दुसऱ्या गल्लीत दुसऱ्या माणसाकडे होते. ते आणावयास म्हणून तो गेला तो गेलाच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात. आमच्या थाळीचे लग्न तर साखरपुड्यापाशीच अडले होते.

दरम्यान आम्ही कंपनीला दूरध्वनी करीत होतो. कंपनीचे नाव येथे सांगत नाही, कारण नाव बदलल्याने कथेत काही फरक पडला असता, असे आम्हांस वाटत नाही. दूरध्वनीवर एक गोड आवाज सांगे, की आपला फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. त्यानंतर संगीत लागे. अमुक भाषेसाठी एक दाबा, तमुक भाषेसाठी दोन दाबा, असे सांगितले जाई. आम्ही मराठीचा आकडा दाबला, तर समोरून हिंदीत उत्तर आले. आमची तक्रार ‘पूर्ण झाली’ असा संदेश आम्हांस तीनदा आला. त्यांच्या वहीत आमच्या घरी तीन थाळ्या बसलेल्या होत्या आणि अगाशीवर एकही नव्हती. चौथ्या वेळी आम्ही त्या गोड आवाजास विचारले, “बाई, आपण स्वतः कोठून बोलता?” ती म्हणाली, “ते सांगण्याची आम्हांला परवानगी नाही.” आकाशातील उपग्रहाचा पत्ता पदवीच्या पुस्तकात छापलेला मिळतो. त्याची रेखांशासह जागा कोणासही सांगता येते. आपल्याशी बोलणारे माणूस कोठे बसले आहे, ते मात्र सांगता येत नाही!

इतक्यात दिवाळी आली. सुरतेची दिवाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की त्या दिवसांत हिऱ्यांचे कारखाने बंद होतात आणि रत्नकलाकारांची कुटुंबे अमरेली-भावनगरकडे आपापल्या गावी निघून जातात. गजबजलेले मोहल्ले ओस पडतात. आमचे मंत्री मूळ सौराष्ट्रातले. ते गेले ते किल्लीसह गेले. कार्तिकी एकादशी आली आणि गेली. आईने एका शब्दाने विचारले नाही. भिंतीवर टांगलेल्या दूरचित्रवाणी संचावर तिने एक विणलेला रुमाल घालून ठेवला होता, तो ती दर चार दिवसांनी धुऊन पुन्हा घाली. एवढ्यावरूनच तिचे लक्ष कोठे आहे, हे आम्हांस कळे.

मंत्री परतले, किल्ली परतली, आणि मार्गशीर्षात एका दुपारी एक तरुण खांद्यावर थाळी, हातात पिशवी घेऊन दारात उभा राहिला. त्याच्याजवळ केबल होती, छिद्रे पाडण्याचे यंत्र होते, बोल्ट होते, पाना होता. नाव सांगत नाही, परंतु त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्याचे आजोबा धुळे जिल्ह्यातून सुरतेस आले. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने खानदेशातील हजारो कुटुंबे या शहरात आणली, त्यांतले ते एक. वडील लिंबायतमध्ये यंत्रमागावर काम करतात. तो स्वतः सातवीपर्यंत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकला आणि पुढे दहावी करून या कामास लागला. घरी त्याची बोली अहिराणी. आमच्या आईची कोकणी. दोघांच्या मध्ये मराठीचा पूल होता आणि त्या पुलावरून त्या दुपारी एवढी वाहतूक झाली, की आमच्या घरात तशी आधी कधी झाली नव्हती.

तो अगाशीवर गेला, आम्हीही मागोमाग गेलो. तेथे निराळेच संकट होते. उपग्रह विषुववृत्तावर असतात आणि आपल्या घरोघरच्या थाळ्या ज्यांच्याकडे पाहतात ते भारताच्या मधल्या आणि पूर्वेकडील रेखांशांवर आहेत. सुरत देशाच्या पश्चिम टोकाला. त्यामुळे येथून त्यांची दिशा साधारण आग्नेयेची येते. आणि आमच्या अगाशीच्या नेमक्या आग्नेय कोपऱ्यात पाण्याची टाकी! वास्तुशास्त्राप्रमाणे तेथे ती नसावी, असे पाचव्या मजल्यावरील एका गृहस्थांचे मत होते. आमचेही तेच मत झाले, पण कारण वेगळे. तरुणाने टाकीकडे पाहिले, थाळीकडे पाहिले आणि कठड्याच्या दुसऱ्या बाजूस चार पावले मोजून जागा निवडली. आम्ही म्हणालो, “अहो, ही थाळी तर समोरच्या इमारतीकडे तोंड करून आहे. उपग्रह वर आहे ना?” तो हसला. त्याने जे समजावून दिले ते आमच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावे. ही थाळी म्हणजे अन्वस्ताकार पृष्ठभागाचा एका बाजूचा तुकडा असतो. तिची नाभी समोर मध्यावर नसून खालच्या बाजूस येते, म्हणजे थाळीच्या दांड्यावर जे लहान यंत्र असते तेथे. त्यामुळे थाळी जवळजवळ उभी दिसली तरी तिची दृष्टी पुष्कळ वर, आकाशात असते. दांड्यावरचे ते यंत्र, ज्याला ही मंडळी एल.एन.बी. म्हणतात, आकाशातून आलेल्या अतिजलद कंपनांच्या लहरींची कंपनसंख्या कमी करून त्यांना केबलमधून उतरण्याजोगे करते. शिक्षकाला शिकविणारा भेटला, की त्याच्यासारखे समाधान नाही.

मग सुरू झाले ते खरे काम. दोन फूट व्यासाच्या थाळीची नजर इतकी अरुंद असते, की दोन-तीन अंशांनी ती कलली तरी उपग्रह तिच्या दृष्टिआड होतो. आठवड्यांची वाट पाहणे संपले होते आणि आता वाट पाहणे केसाच्या रुंदीवर आले होते. तरुण पाना हातात धरून थाळीला बोटाने हळूच ढकली. आम्ही जिन्यात उभे. आमचा मुलगा खालच्या जिन्यात, आणि संचासमोर आई. वरून प्रश्न जाई, खालून उत्तर येई. आमच्या लहानपणी पेडण्याच्या घरावर बांबूला अॅल्युमिनियमचा अँटेना बांधून हाच खेळ चाले, “आलें?” “आलें, आलें... गेलें!” चाळीस वर्षांत उपग्रह आले, परंतु जिन्यातील आरोळी काही गेली नाही. अखेर तरुणाने स्वतःच जिन्याच्या कठड्यावरून खाली ओणवे होऊन अहिराणीत विचारले, “माय, आते दिखस का?” आणि खालून उत्तर आले, “दिसता रे पुता, बरें दिसता!” आम्ही जिन्यात थबकलो. कोकणी बोलून तिला त्या घराबाहेर कोणी उत्तर द्यावे, किंवा कोणी तिला उत्तर मागावे, असे त्या दिवशी प्रथमच घडले होते.

काम झाल्यावर आईने त्याला चहा दिला आणि बसवून घेतले. त्या गप्पांत आम्हांस जे कळले, ते कंपनीच्या गोड आवाजाने कधी सांगितले नव्हते. त्याला पगार नव्हता. जेवढ्या थाळ्या बसतील तेवढ्यांचे पैसे. पेट्रोल त्याचे, यंत्र त्याचे. गच्चीला कुलूप असले, ग्राहक घरी नसला, पाऊस आला, तर तो खेपेचा खर्च पदरचा. केबल मोजून मिळे, म्हणून मागील माणसाजवळ वीस फूटच होती. छिद्रे पाडण्याचे यंत्र दोघा-तिघांत मिळून एक. आणि काम ‘पूर्ण झाले’ असे वहीत लवकर न दाखविल्यास दंड, म्हणून आमच्या घरी कागदावर तीन थाळ्या बसल्या. या मुलांवर आमचा राग कधीच नव्हता. परंतु ज्या व्यवस्थेवर होता, तिचे अंतरंग त्या दिवशी आम्ही पाहिले. आकाशात पाठविण्याच्या यंत्रासाठी जेथे एकेक खिळा तपासला जातो, तेथेच शेवटच्या चाळीस फुटांसाठी मात्र सारा हिशेब एका मुलाच्या खिशावर सोडून दिलेला असतो.

येथे पुन्हा त्या १९७५ सालच्या प्रयोगाची आठवण होते. त्या प्रयोगाच्या योजकांनी खेड्यांत संच ठेवून देऊन हात झटकले नव्हते. संच बिघडणार, विजेचा दाब कमी-जास्त होणार, थाळ्या वाऱ्याने हलणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. म्हणून प्रयोगाच्या क्षेत्रांत दुरुस्तीची केंद्रे उघडली, माणसे शिकवून तयार केली, त्यांना वाहने दिली. उपग्रह परदेशाचा होता आणि वर्ष संपताच तो आपल्या आकाशातून गेलाही. परंतु दूरच्या गावातील एक संच चालू ठेवण्यासाठी काय करावे लागते, ही विद्या आपल्या हाती राहिली. ती विद्या पुढील काळात आपण किती जपली, याचा विचार ज्याच्या त्याच्या गच्चीवर करावा.

दत्तजयंतीच्या त्या सायंकाळी आमच्या घरी सह्याद्री अवतरली. आमचा आनंद बरोबर सहा आठवडे टिकला. कारण सुरतेत मकरसंक्रांत नसते, ‘उत्तरायण’ असते. १४ जानेवारीस आणि दुसऱ्या दिवशी ‘वाशी उत्तरायण’ म्हणूनही सारे शहर गच्चीवर राहावयास जाते. सुरती मांज्याची कीर्ती येथे नव्याने सांगावयास नको. त्या दोन दिवसांत आमच्या थाळीच्या दांड्याभोवती सात रंगांचा मांजा गुंडाळला गेला, दोन पतंग तिच्यात अडकले आणि ते काढण्यासाठी कोणी तरी तिच्यावर भार दिला. थाळी दिसावयास तशीच होती, फक्त तिची नजर ढळली होती. कंपनीस दूरध्वनी केल्यास पुन्हा किती दिवस लागतील याचा हिशेब आम्ही करीत होतो. तोवर आईने मुलाच्या वहीत लिहून ठेवलेल्या क्रमांकावर त्या खानदेशी तरुणास स्वतःच फोन केला होता. तो रविवारी सकाळी आला, दहा मिनिटांत थाळीची नजर जाग्यावर आणली आणि पैसे घेईना. आईने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मुठीत पैसेही कोंबले.

यानंतर आषाढी आली. आई पहाटेपूर्वीच उठून, अंघोळ करून संचासमोर बसली होती. आमची धाकटी मुलगीही हट्टाने जागी राहिली होती. आणि नेमका पाऊस! आषाढातील सुरतेचा पाऊस रीतसर नोटीस देऊन येत नाही. या उपग्रहांच्या लहरींची लांबी इंचभर असते. मुसळधार पावसाचे थेंब त्या लहरी शोषून घेतात, विखरून टाकतात. १९७५ च्या लहरी याहून कितीतरी लांब होत्या, त्यांना पावसाची एवढी बाधा नव्हती. परंतु त्यांना दहा फुटांची थाळी लागे. लहान थाळीच्या सोयीची ही किंमत आहे. चित्राचे प्रथम चौकोन झाले, मग तुकडे झाले, आणि शेवटी निळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी आली.

आम्ही आता काय म्हणावे या विचारात असता आईने डोळे मिटले आणि लहानपणी देवळात पाठ केलेला एक अभंग ती हलक्या आवाजात म्हणू लागली. मुलगी थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने एका शब्दाचा अर्थ विचारला. आईने तो कोकणीत सांगितला. मुलीने तो कोकणी शब्दच धरला आणि त्याचा अर्थ विचारला. असे करीत करीत त्या दोघी पंढरपुराहून पेडण्याच्या देवळात, देवळातून तळ्यावर आणि तळ्यावरून आईच्या आईच्या घरी पोहोचल्या. पावसाचा जोर ओसरला आणि पडद्यावर पुन्हा चित्र उमटले. आम्ही घाईने आवाज वाढविण्यासाठी रिमोट उचलला. मुलगीही तिकडे वळली. तेव्हा आई तिचा हात धरून म्हणाली, “राव गो, हें सोंपूं दी.” थांब, हे आधी संपू दे. ज्यासाठी आम्ही ७३ दिवस झगडलो, ते चित्र आमच्या आईने दहा मिनिटे निमूट उभे करून ठेवले!

यावरून कोणी असे अनुमान काढू नये, की थाळी व्यर्थ होती. आई आजही दुपारी सह्याद्री लावते आणि त्या आवाजाच्या सोबतीने तिचा दिवस सुसह्य होतो. मराठी बातम्या कानांवर पडतात म्हणून ती सायंकाळी आमच्याशी वादही घालू शकते, आणि ज्या घरात वाद आहे त्या घरात शब्दांचा दुष्काळ नाही. परंतु उपग्रहाने मराठी घरात आणली तरी कोकणी आणणे आणि अहिराणीला उत्तर देणे ही कामे माणसांनाच करावी लागली, एवढे आम्ही नोंदवून ठेवतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आजीची बोली एक, आईची दुसरी आणि शेजाऱ्यांची तिसरी आहे. आजीला दिवसातून एकदा तरी तिच्या बोलीत प्रश्न विचारा. त्यासाठी कोणाच्या गच्चीची किल्ली लागत नाही.

आणि विज्ञानाची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग सांगून हा लेख पुरा करतो. तो आम्हांस त्या तरुणानेच सुचविला. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस मध्यान्हीपूर्वी दूरचित्रवाणीचे चित्र काही मिनिटे बिघडण्याचा संभव असतो. संचात दोष नसतो. त्या वेळी सूर्य आपल्या थाळीच्या दृष्टीने उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो आणि त्याच्या प्रचंड प्रारणात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो. अशा वेळी मोठ्या माणसांबरोबर गच्चीवर जा. सूर्याकडे मात्र चुकूनही पाहू नका. थाळीकडे पाहा. थाळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश दांड्यावरच्या त्या लहानशा यंत्रावर एकवटलेला तुम्हांस दिसेल. सूर्य ज्या जागी आहे, त्याच दिशेला, पण त्याच्या पुष्कळ अलीकडे, तुमचा उपग्रह आहे. एकदा ती दिशा ध्यानात धरली, की रात्रीच्या काळोखातही त्याच्याकडे बोट दाखविता येईल. आणि दाखविताना शेजारी कोणाची थाळी कललेली दिसली, तर ती जिने बसविली त्या मुलाला बोलवा, त्याला आधी पाणी विचारा, आणि गच्चीचे कुलूप उघडून ठेवा.